प्रेक्षकांचा रोष आणि अपयशाचा धनी : अजित वाडेकर यांच्या निमित्ताने एक विवेचन

प्रस्तावना :

क्रीडा समाजशास्त्रात खेळाडूइतकाच प्रेक्षक हाही अभ्यासाचा विषय मानला जातो. एखादा संघ सातत्याने पराभूत होऊ लागला म्हणजे त्याच्या चाहत्यांत निराशा निर्माण होते, निराशेचे रूपांतर रोषात होते आणि त्या रोषाला प्रशिक्षकाच्या किंवा कर्णधाराच्या रूपाने लक्ष्य सापडते. या प्रक्रियेचा पाश्चात्त्य देशांत बराच विचार झालेला असून त्या विचाराला मोठी सामग्री पुरविली ती अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलने. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. लांबट आकाराचा चेंडू हातात घेऊन धावत, फेकत खेळला जाणारा तो निराळाच खेळ आहे. तेथील काही विद्यापीठांच्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतात आणि बहुसंख्य राज्यांत सार्वजनिक नोकरीतील सर्वाधिक वेतन राज्यपालाला वा कुलगुरूला नव्हे, तर विद्यापीठ-संघाच्या प्रशिक्षकाला मिळते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकास मुदतीपूर्वी दूर केले तेव्हा करारान्वये त्यांना देय ठरलेली रक्कम सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर होती. त्या हंगामात संघाने दहापैकी सहा सामने जिंकले होते, ही बाब मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. संघ अगदीच वाईट खेळत होता असे नव्हे. तो अपेक्षेइतका चांगला खेळत नव्हता.

महाराष्ट्रातील प्राध्यापकाला हे वर्णन परीकथेसारखे वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा एकच संचालक कबड्डीपासून मैदानी स्पर्धांपर्यंत सर्व संघ तयार करतो, तोच प्रवेशिका भरतो, तोच एस.टी.ने विद्यार्थ्यांना स्पर्धेच्या गावी घेऊन जातो. संघ जिंकला तर सूचनाफलकावर अभिनंदन लागते. हरला तर फारसे कोणाला कळतही नाही. महाड-पोलादपूर परिसरातील, उदाहरणार्थ दासगावसारख्या गावातील तरुण आपल्या गावाच्या वा वाडीच्या संघासाठी टेनिस चेंडूच्या स्पर्धेत जिवाचे रान करतो, पंचांशी हुज्जत घालतो, हरल्यावर रात्रभर कर्णधाराच्या नावाने बोटे मोडतो. परंतु महाविद्यालयाच्या संघावर तो रागावत नाही. रागावण्यासाठी संघ आधी आपला वाटावा लागतो. या दृष्टीने रोष हे जिव्हाळ्याचेच एक लक्षण ठरते, आणि म्हणूनच तो अभ्यासनीय आहे.

महाराष्ट्रात असा जिव्हाळा आणि असा रोष सर्वाधिक वाट्याला आला तो क्रिकेटच्या. म्हणून चाहत्यांच्या वैफल्याचा आणि संघप्रमुखाच्या उत्तरदायित्वाचा विचार आपल्या भूमीवर करावयाचा झाल्यास महाविद्यालयीन मैदान सोडून कसोटी मैदानाकडे वळावे लागते. तेथे अजित वाडेकर (१९४१–२०१८) यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. कारण त्यांनी हा रोष दोनदा अनुभवला, प्रथम कर्णधार म्हणून १९७४ साली आणि नंतर संघ व्यवस्थापक-प्रशिक्षक म्हणून १९९६ साली.

विजयाचे वर्ष :

वाडेकरांचे कर्णधारपदच मुळी वादात जन्मले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना निवड समितीत मतभेद झाले आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी वाडेकरांची निवड झाली. पतौडी हे देखणे, राजघराण्यातील, प्रेक्षकांचे लाडके. वाडेकर मध्यमवर्गीय मुंबईकर, स्टेट बँकेत नोकरी करणारे, मितभाषी. या निवडीवर टीका झाली. परंतु त्या दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून भारताने पाच सामन्यांची मालिका १–० अशी खिशात घातली. सुनील गावसकर यांनी पदार्पणाच्या मालिकेत चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या, तर मूळ मडगावच्या दिलीप सरदेसाई यांनी ६४२. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि १७३ धावांचे लक्ष्य भारताने चार गडी राखून गाठले.

परतलेल्या संघाची मुंबईत उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली. इंदूरमध्ये या विजयांच्या स्मरणार्थ सिमेंट-काँक्रीटची भव्य बॅट उभारण्यात आली. ‘विजय बल्ला’ या नावाने ती ओळखली जाते. १९७२ साली वाडेकरांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. १९७२-७३ च्या हंगामात इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हाही भारताने मालिका २–१ अशी जिंकली. सलग तीन मालिका जिंकणारा कर्णधार भारतीय प्रेक्षकाने त्यापूर्वी पाहिलेला नव्हता.

या यशात दैवाचाही वाटा होता, हे त्या वेळी कोणी बोलून दाखविले नाही आणि दाखविले असते तरी कोणाला ऐकवले नसते. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या सामन्यात विजयासाठी १८३ धावा हव्या असताना भारताची अवस्था ८ बाद १४५ होती आणि पावसाने खेळ थांबला. मँचेस्टरला शेवटच्या दिवशी पावसामुळे खेळच झाला नाही. तेथेही भारताची बाजू पडतीचीच होती. म्हणजे मालिकेतील पहिले दोन सामने पावसाने वाचविले आणि तिसरा चंद्रशेखर यांनी जिंकून दिला. प्रेक्षकांच्या स्मृतीत मात्र तिसराच सामना उरला. अपेक्षेचा पाया असा निवडक स्मरणावर उभा राहतो.

बेचाळीस :

१९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावर तोच कर्णधार होता. संघाचे व्यवस्थापकही तेच, म्हणजे १९७१ च्या विजयात क्षेत्ररक्षणाला शिस्त लावणारे लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर ही फिरकी चौकडीही होती. पहिला सामना मँचेस्टरला ११३ धावांनी गमवावा लागला. दुसऱ्या सामन्यात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा उभारल्या. बिशनसिंग बेदी यांनी सहा बळी घेतले खरे, परंतु त्यासाठी त्यांना २२६ धावा मोजाव्या लागल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ पर्यंत मजल मारली, फॉलोऑन स्वीकारला आणि २४ जून १९७४ रोजी दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांवर संपला. ख्रिस ओल्ड यांनी ५ आणि जॉफ अर्नोल्ड यांनी ४ गडी बाद केले. जायबंदी चंद्रशेखर फलंदाजीस येऊच शकले नाहीत. एकनाथ सोलकर यांच्या नाबाद १८ ही डावातील सर्वोच्च धावसंख्या. ४२ हा आकडा पुढे साडेशेहेचाळीस वर्षे भारताचा नीचांक म्हणून उच्चारला गेला. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला संघ ३६ धावांत बाद झाला तेव्हा कुठे तो मागे पडला. बर्मिंगहॅमची तिसरी कसोटीही एक डाव आणि ७८ धावांनी गेली आणि मालिका ०–३ अशी संपली.

या पराभवाची कारणे कोणती? सर्वांत महत्त्वाचे कारण पंचांगात सापडते. १९७१ ची मालिका २२ जुलैला सुरू होऊन २४ ऑगस्टला संपली होती. इंग्लंडमधील उन्हाळा तोवर सरत आलेला असतो, खेळपट्ट्या कोरड्या पडतात आणि फिरकीला साथ देतात. १९७४ ची मालिका ६ जूनला सुरू झाली व जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच संपली. हवेतील गारठा, ओलसर खेळपट्टी आणि ढगाळ आकाश ही स्विंग गोलंदाजीला पोषक स्थिती. तिचा लाभ ओल्ड, अर्नोल्ड, हेंड्रिक, विलिस यांना मिळाला. भारताकडे त्या तोडीचा एकही जलदगती गोलंदाज नव्हता. नव्या चेंडूची लकाकी घालविणे एवढेच आरंभीच्या गोलंदाजांचे काम समजले जात असे. जलदगती गोलंदाज न घडविणारी देशांतर्गत व्यवस्था आणि दौऱ्याचा मोसम या दोन्ही गोष्टी कर्णधाराच्या हातातील नव्हत्या. संघात बेबनाव असल्याच्या बातम्याही त्या काळी आल्या आणि त्याची काही जबाबदारी कर्णधाराकडे निश्चित जाते. तथापि तेवढ्याने ४२ चा उलगडा होत नाही.

प्रेक्षकांना उलगडा नकोच होता. वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगडफेक झाली. इंदूरच्या विजय बल्ल्याला डांबर फासून विद्रूप करण्यात आले. त्यानंतर दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी प्रथमश्रेणी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. १६ कसोट्यांत नेतृत्व, त्यांपैकी ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित, हा त्यांचा एकूण हिशोब. चारपैकी तीन पराभव एकाच महिन्यातील आहेत.

येथे एक विसंगती नजरेस येते. विजय आणि पराभव या दोन्ही वेळी व्यवस्थापक अधिकारीच होते. परंतु त्यांच्या घरावर कोणी दगड मारले नाहीत. निवड समितीचे सदस्य, दौऱ्याचा कार्यक्रम मान्य करणारे क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी यांची नावेही सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नसावीत. रोष जबाबदारीच्या मागे जात नाही. तो चेहऱ्याच्या मागे जातो. १९७४ साली तो चेहरा कर्णधाराचा होता. पुढे प्रशिक्षक हे पद ठळक झाले तेव्हा तो प्रशिक्षकाचा झाला.

‘आपण’ आणि ‘ते’ :

या वर्तनाची मानसशास्त्रीय उपपत्ती मांडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न योगायोगाने वाडेकरांच्या त्या दौऱ्याच्या आसपासच झाला आणि तो महाविद्यालयीन फुटबॉलच्या संदर्भात झाला. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात विद्यापीठांत १९७३ च्या फुटबॉल हंगामात दर सोमवारी वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या पोशाखाची नोंद घेतली. शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला असल्यास सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. दूरध्वनीवरून घेतलेल्या मुलाखतींत असेही दिसले की जिंकलेल्या सामन्याचे वर्णन करताना विद्यार्थी ‘आम्ही’ हे सर्वनाम अधिक वापरतात आणि हरलेल्या सामन्याविषयी बोलताना ते कमी होते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला परप्रकाशात उजळून निघण्याची प्रवृत्ती असे म्हणता येईल. सी. आर. स्नायडर व सहकाऱ्यांनी १९८६ साली या प्रवृत्तीची दुसरी बाजू दाखविली : अपयशी ठरलेल्या गटापासून माणूस स्वतःला तोडून घेतो.

मराठी भाषेत हा भेद अधिकच स्पष्ट उमटतो, कारण तिच्याजवळ ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’ म्हटले की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही संघात सामील होतात. सामना जिंकल्यावर चहाच्या टपरीवर ‘आपण जिंकलो’ असेच म्हटले जाते. ‘आम्ही जिंकलो’ असे प्रेक्षक सहसा म्हणत नाही, कारण तसे म्हणताना समोरचा वगळला जाईल. पराभवानंतर मात्र ‘हरले लेकाचे’. कर्ता बदलतो, वचन तेच राहते आणि एका रात्रीत कोट्यवधी माणसे संघातून बाहेर पडतात.

परंतु सर्वच बाहेर पडू शकत नाहीत. डॅनियल वान आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांनी १९९० साली दाखविले की संघाशी दुबळे नाते असलेला चाहता पराभवानंतर सहज दूर होतो. ज्याचे नाते घट्ट असते त्याला ते जमत नाही. या दोन गटांचे वर्तन एकत्र ठेवून पाहिल्यास रोषाचा उगम कळू शकतो. कट्टर चाहत्याला संघ सोडता येत नाही आणि अपयश स्वतःला चिकटू द्यावयाचे नसते. तेव्हा तो स्वतः बाहेर न पडता संघातील एका माणसाला बाहेर काढतो. ‘संघ आपलाच आहे, हा माणूस आपला नाही’ असे एकदा म्हटले की नातेही टिकते आणि अपयशही परस्पर जाते. घरावर दगड मारणारा मनुष्य क्रिकेटवर रुसलेला नसतो. तो पुढच्या सामन्यालाही येणार असतो.

दुसरा प्रसंग :

वाडेकर १९९२ मध्ये संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले. तोवर या पदाला प्रशिक्षकाचे काम जोडले गेले होते. मोहम्मद अझरुद्दीन यांच्या नेतृत्वाखालील आणि वाडेकरांच्या देखरेखीखालील संघाने १९९३ मध्ये मायदेशी इंग्लंडला ३–० असे हरविले. १९७४ च्या ०–३ ची ही अचूक परतफेड होती, आणि नंतरच्या हंगामात श्रीलंकेलाही त्याच फरकाने पराभूत केले. अनिल कुंबळे, वेंकटपती राजू व राजेश चौहान यांची फिरकी हे या यशाचे साधन होते. घरच्या मैदानावर हा संघ जवळपास अजिंक्य समजला जाऊ लागला आणि विश्वचषक घरीच व्हावयाचा होता. अपेक्षेने पुन्हा एकदा कळस गाठला.

१३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना झाला. भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण निवडले. श्रीलंकेने २५१ धावा केल्या. भारताची धावसंख्या १ बाद ९८ असताना सचिन तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाले आणि पाहता पाहता ८ बाद १२० अशी अवस्था झाली. खेळपट्टी दुसऱ्या डावात इतकी तुटली की संथ गोलंदाजी करणारे जयसूर्याही खेळवेनात. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, सज्जांत आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी खेळ थांबवून श्रीलंकेला विजयी घोषित केले. नाबाद राहिलेले विनोद कांबळी रडत परतले, हे दृश्य दूरचित्रवाणीमुळे देशभर पोहोचले.

नाणेफेकीच्या निर्णयावर प्रचंड टीका झाली. वस्तुतः त्या स्पर्धेत श्रीलंकेची ख्याती धावांचा पाठलाग करण्याची होती. त्यांना प्रथम फलंदाजी देण्यात तर्क होता. खेळपट्टीचा अंदाज चुकला, इतकेच. परंतु चुकलेला अंदाज आणि केलेला अपराध यांत भेद करण्याइतके स्वस्थ चित्त त्या रात्री कोणाचे होते? विश्वचषकानंतर वाडेकरांची त्या पदावरील कारकीर्द संपली आणि १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यावर संदीप पाटील यांच्याकडे ते काम गेले.

ग्रेग चॅपल यांच्या कारकिर्दीत (२००५–२००७) हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळाला. सौरव गांगुली यांना वगळल्याच्या रागातून नोव्हेंबर २००५ मध्ये ईडन गार्डन्सच्या प्रेक्षकांनी चक्क दक्षिण आफ्रिकेला प्रोत्साहन दिले आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. घरच्या प्रेक्षकांची हुर्यो झेलणारे कर्णधार राहुल द्रविड होते. मार्च २००७ मध्ये विश्वचषकात भारत बांगलादेश व श्रीलंकेकडून हरून साखळीतच बाद झाला. रांचीत महेंद्रसिंग धोनी यांच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली, ठिकठिकाणी पुतळे जाळले गेले आणि एप्रिलमध्ये चॅपल यांनी पद सोडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच धोनींच्या नेतृत्वाखाली ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मुंबईच्या रस्त्यांवरून उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. मिरवणूक आणि मोडतोड यांत सहा महिनेच होते. क्रम उलटा असला तरी इंदूरच्या बल्ल्याचीच ही कथा आहे.

प्रशिक्षक बदलल्याने काय होते? :

रोषाचे समर्थन करणारा एक युक्तिवाद असा की त्यामुळे निष्क्रिय प्रशासन हलते, प्रशिक्षक बदलला जातो आणि संघ सुधारतो. हा युक्तिवाद तपासून पाहता येण्याजोगा आहे. स्कॉट ॲडलर, मायकल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी यांनी अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल संघांच्या अनेक हंगामांचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अत्यंत खराब कामगिरी करणाऱ्या ज्या संघांनी प्रशिक्षक बदलला आणि ज्यांनी बदलला नाही, त्यांची पुढील वर्षांतील कामगिरी जवळपास सारखीच राहिली. मध्यम दर्जाच्या संघांत तर बदल करणाऱ्यांची कामगिरी तुलनेने खालावलेली दिसली. तळाला गेलेला संघ पुढे थोडाफार वर येतोच, कारण अगदी वाईट हंगामात सुमार खेळाबरोबर दुर्दैवही मिसळलेले असते आणि दुर्दैव दरवर्षी तितकेच राहत नाही. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना ही मध्याकडे परतण्याची प्रवृत्ती परिचित आहे. नवा प्रशिक्षक आला आणि संघ सावरला की श्रेय मात्र बदलाला मिळते.

मुंबईच्या रणजी संघाचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे अजिंक्यपद मिळविणाऱ्या या संघाच्या चाहत्याला उपविजेतेपद म्हणजे अपयशच वाटते. चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये ४१ वे विजेतेपद मिळविले. पुढील हंगामात संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला आणि प्रशिक्षकपदी बदल झाला. पंडित विदर्भाकडे गेले. ज्या विदर्भाने तोपर्यंत रणजी करंडक कधी जिंकला नव्हता, त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे तो जिंकला. नंतर मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी जून २०२२ मध्ये बंगळूरच्या अंतिम सामन्यात सहा गडी राखून पराभव केला तो नेमका मुंबईचाच. मधल्या काळात मुंबई दोनदा साखळी फेरीतच गारद झाली होती. मुंबईचे ४२ वे विजेतेपद मार्च २०२४ पर्यंत लांबले.

या उदाहरणावरून पंडित असते तर मुंबई जिंकलीच असती, असे सिद्ध होत नाही. तसे म्हणणे म्हणजे त्याच एका माणसाच्या सिद्धान्ताची दुसरी आवृत्ती ठरेल. मुंबईचे अनेक प्रमुख खेळाडू त्या वर्षांत राष्ट्रीय संघात गुंतलेले होते आणि इतर राज्यांचे क्रिकेट पुष्कळ सुधारले होते. उदाहरणाचा उपयोग इतकाच की अंतिम सामना हरणे हा प्रशिक्षकाच्या अपात्रतेचा पुरावा नसतो.

रोष योग्य ठिकाणी पोहोचतो तेव्हा :

प्रेक्षकांचा असंतोष नेहमीच आंधळा असतो असा समज या विवेचनावरून होऊ नये. शंभर वर्षांपूर्वीचे एक उदाहरण याच्या विरुद्ध साक्ष देते आणि महाडच्या परिसरात ते सांगणे अधिक औचित्याचे आहे. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळणारे बाळू पालवणकर हे त्यांच्या काळातील सर्वश्रेष्ठ भारतीय गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. ते चर्मकार समाजातील असल्याने कर्णधारपदाचा प्रश्न आला की त्यांना डावलले जाई. त्यांचे बंधू विठ्ठल हे संघाचे प्रमुख फलंदाज. त्यांच्याही वाट्याला तेच आले. १९२० साली कर्णधार एम. डी. पै आजारी असताना विठ्ठल यांचा हक्क डावलून दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा बंधूंनी संघातून माघार घेतली व आपली बाजू जाहीरपणे मांडली.

यानंतर जो लोकक्षोभ झाला त्याचे स्वरूप १९७४ पेक्षा अगदी निराळे होते. वृत्तपत्रांतून पत्रे व टीका प्रसिद्ध झाली. प्रश्न ‘संघ का हरला’ असा नव्हता. ‘संघाचा प्रमुख कोणत्या निकषावर ठरतो’ असा होता. रोषाचे लक्ष्य मैदानावरील खेळाडू नव्हते, तर जिमखान्याच्या खोलीत बसून निर्णय घेणारी समिती होती. देवधरांसारख्या गुणी फलंदाजावर दगड पडला नाही. त्या वर्षी दोघे बंधू परत संघात आले, बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडल्याने संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

बाळू पालवणकर हे तरुण भीमराव आंबेडकरांना अभिमानाचा विषय होते. १९३७ च्या निवडणुकीत हे दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले व बाळू पराभूत झाले, हा पुढचा भाग. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब सहकाऱ्यांसह मुंबईहून जलमार्गाने दासगाव बंदरात उतरले तेव्हा सार्वजनिक पाणवठ्याविषयी जो प्रश्न विचारला जात होता, त्याच जातीचा प्रश्न सार्वजनिक मैदानाविषयी चार वर्षांपूर्वी काही अंशी सुटलेला होता. १९२३ साली हिंदू संघाचे नेतृत्व विठ्ठल पालवणकर यांच्याकडे आले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. बाळूंना मात्र अधिकृत कर्णधारपद कधीच मिळाले नाही. धाकट्या भावाच्या हाती संघ आला त्या वर्षी ते सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांचा खेळ संपलेला होता.